मापावरची शीग

जुन्या वस्तूंचा संग्रह पाहून परतणाऱ्या माणसाच्या मनांत बहुधा दोहोंपैकीं एक भावना असते. 'काय तो काळ होता!' ही हळहळ, किंवा 'बरें झालें, तो काळ संपला' हें समाधान. यांपैकीं कोणती खरी, हा वाद कांहीं नवा नाहीं. परंतु गेल्या हिंवाळ्यांत मजपुढें जो प्रश्न उभा राहिला तो या वादाच्या थोडा पलीकडचा होता, आणि तो मला माझ्या दहा वर्षांच्या नातवानें घातला. त्याचें उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. उशिरां सुचलेलें तें उत्तर येथें मांडून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोल्हापुरापासून थोड्या अंतरावर कणेरी गांवीं सिद्धगिरि मठ आहे. त्याच्या आवारांत जुन्या ग्रामजीवनाचें एक मोठें संग्रहालय उभारलेलें आहे. मोकळ्या आभाळाखालीं, झाडांच्या सावलींत, सिमेंटचीं माणसाएवढीं शिल्पें करून त्यांत सारें खेडें मांडलें आहे. नांगर धरलेला शेतकरी आहे, भात्याजवळ लोहार आहे, चाकाशीं कुंभार आहे. सुतार आहे, चांभार आहे, बैल आहेत, विहीर आहे. शिल्पकारांचा हात इतका चांगला आहे कीं एखादा म्हातारा आतां मान वळवून 'कोण गांवचे, पाव्हणं?' म्हणून विचारील असा भास होतो. ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत आलीं नाहींत अशा माणसांचे पुतळे करावे, ही कल्पनाच मुळीं आदरास पात्र आहे. आपल्याकडे पुतळे आजवर घोड्यावर बसलेल्यांचे झाले. घोड्याला नाल ठोकणाऱ्याचे झाले नाहींत.

नातू हरखून गेला होता, आणि त्याहूनहि मी. माझें बाळपण खेड्यांत गेलें. त्यामुळें त्या दिवशीं माझ्या जिभेला विश्रांति नव्हती. मोट कशी चाले तें मीं त्याला समजावून दिलें: धांवेवरून उतरणारी बैलजोडी, चाकावरून जाणारा जाड नाडा, खालचा बारीक सोंदूर, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यांत रिकामी होतांना होणारा तो आवाज. मग बारा बलुतेदारांची व्यवस्था सांगितली. सुतारानें वर्षभर नांगर-वखर नीट करावे, लोहारानें फाळ पाजवावा, दोर वळणारानें दोर द्यावे, आणि सुगी झाली कीं प्रत्येकानें खळ्यावर येऊन आपापलें बलुतें न्यावें. मधें पैसा नाहीं, बाजार नाहीं, घासाघीस नाहीं. "कोणाला कोणाची भीक नव्हती, बाळ, ज्याचा त्याला हक्क मिळे," असें मी मोठ्या ऐटीनें म्हणालों.

त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "आजोबा, हें सगळें इतकें चांगलें होतें, तर लोकांनीं तें सोडलें कां?"

तयार उत्तर माझ्याजवळ होतें, आणि तें मीं दिलेंहि: यंत्रें आलीं. उत्तर अगदींच खोटें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केले तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढेल अशी शंका घेऊन शेतकरी तो नांगर घेईनात, ही हकीकत प्रसिद्धच आहे. १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि हळूहळू तोच नांगर घरोघरीं गेला, कारण लांकडी नांगर जमीन फाडतो तर लोखंडी नांगर ती उलथतो, आणि हराळीचा नाश उलथल्यावांचून होत नाहीं. पुढें विहिरीवर इंजिन आलें, मग विजेचा पंप आला. मोट माळ्यावर जाऊन पडली. नातवाचें समाधान झालें. माझें मात्र झालें नाहीं. कारण बोलतां बोलतांच मला आठवलें कीं आमच्या विहिरीवर पंप बसला त्याच्या तीन-चार वर्षें आधींच आमचा दोर वळणारा गांव सोडून गेला होता. त्याला यंत्रानें घालविलें नव्हतें. मग कोणीं घालविलें?

ती आठवण येथें सांगणें प्राप्त आहे. काळ १९६० च्या सुमाराचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. खळ्यावर जोंधळ्याची रास पडली होती. माझे आजोबा अधोलीनें धान्य मापून बलुतेदारांना घालीत होते, आणि मी शेजारीं बसून मापें मोजीत होतों. सुताराची पाळी आली. आजोबांनीं अधोली राशींत खुपसून वर काढली. तिच्यावर दाण्यांची उंच शीग उभी राहिली होती. ती तशीच त्याच्या पोत्यांत गेली. नंतर दोर वळणारा आला. तो मातंग समाजाचा. खळ्याच्या कडेला, राशीपासून दूर, कांबळें पसरून उभा राहिला. आजोबांनीं अधोली भरली, तिच्यावर शीग उभी राहिली, आणि मग त्यांनीं आपला तळहात मापाच्या कांठावरून सावकाश फिरविला. शीग राशींत परत पडली. सपाट माप कांबळ्यांत गेलें. मापांची संख्या दोघांनाहि ठरलेलीच मिळाली. मीं मोजलीं होतीं; हिशेबांत एका मापाचीहि चूक नव्हती.

त्या माणसानें तें पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. कांबळ्याची गांठ मारली आणि रामराम करून निघून गेला. दोन वर्षांनीं तो मुलांबाळांसह मुंबईस गेला असें कळलें, तेव्हां आजोबा म्हणाले, "लोकांना आतां गांव नकोसें झालें."

आतां वाचकांनीं माझ्या आजोबांविषयीं वाईट ग्रह करून घेऊं नये. वाटसरूला पाण्याबरोबर गूळ दिल्यावांचून ते पाठवीत नसत. बैलांच्या पुढें वैरण पडल्याखेरीज त्यांनीं कधीं ताटावर हात ठेवला नाहीं. पोळ्याच्या दिवशीं ते बैलांच्या पायांवर डोकें ठेवीत, आणि त्यांत ढोंग नव्हतें. त्यांच्या अंगीं दया होती, आणि ती भरपूर होती. मग तो तळहात कोणाचा? मला वाटतें, या विषयांतला खरा नैतिक प्रश्न येथें आहे. आणि तो चांगला माणूस कीं वाईट माणूस असा नाहीं.

बलुतें हा हक्क होता असें आपण म्हणतों, आणि गांवच्या रिवाजांत तो तसा मानलाहि जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या साऱ्या व्यवस्थेचें बारकाईनें वर्णन केलें आहे. बलुतेदारांच्याहि थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणें वाटा कमीजास्त ठरे. म्हणजे विषमता ही त्या व्यवस्थेची चूक नव्हती. ती तिची घडणच होती. परंतु शीग ही कोणत्याहि ओळींत लिहिलेली नव्हती. ती देणाऱ्याच्या मर्जीवर होती. ज्याच्यावांचून सहज अडेल, ज्याला ओटीवर बसवावें लागेल, त्याला शीग; ज्याला कडेला उभें करतां येतें, त्याला तळहात. ज्या हक्काचें माप दुसऱ्याच्या हातीं असतें तो हक्क नांवाचाच होय. त्याचें खरें नांव मेहेरबानी. मेहेरबानी चांगल्या माणसाच्या हातीं गोड असते, वाईटाच्या हातीं कडू. पण ती घेणाऱ्याला दोन्ही वेळां मान खालींच घालावी लागते.

हें ज्यांना कळलें त्यांनीं दयेची मागणी केली नाहीं. मापावरचा तो हात दूर करण्याची केली. ज्या कोल्हापुराहून आम्ही कणेरीस गेलों, तेथेंच राजर्षि शाहूंनीं १९१८ सालीं महार वतनाच्या बंधनांतून त्या समाजाला मोकळें केलें. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें; आणि कनिष्ठ गांवनोकरांचीं वतनें मुंबई राज्यांत कायद्यानें रद्द झालीं तीं १९५८ च्या कायद्यानें. वतन म्हणजे उत्पन्न. तें रद्द करा असें उत्पन्न घेणारानेंच म्हणावें, हें वरवर पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. खळ्याच्या कडेला कांबळें पसरून जो उभा राहिला असेल त्याला वाटणार नाहीं.

तथापि गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. ज्या तळहातानें ती शीग पुसली त्याच हाताचा अंगठा पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीवर उठत आला होता. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले तेव्हां त्यांचा राग कर्ज घेतल्याचा नव्हता. कर्जाची नोंद सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं होती, याचा होता. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतहि कुणबी कसा चहूंकडून नाडला जातो हेंच दाखविलें आहे. म्हणजे माझे आजोबा एका मापाचे धनी होते आणि दुसऱ्या मापाखालीं दबलेले होते. स्वतः सपाट माप घेणारा मनुष्य दुसऱ्याला शीग देईल अशी आशा आपण करतों. अनुभव बहुधा उलटाच येतो. आजहि भाजी घेऊन बाजारांत गेलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. कांटा विजेचा झाला, त्यावर शीग राहत नाहीं हें खरें. पण तळहाताला फिरावयास दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

मग असलीं संग्रहालयें खोटीं म्हणावयाचीं काय? माझें मत तसें नाहीं. त्या शिल्पांतलें कसब खरें आहे, श्रम खरे आहेत, आणि ते पाहून हळहळणाऱ्यांची हळहळहि सर्वस्वीं पोकळ नाहीं. त्या खेड्यांत भूमिहीन माणसालाहि खळ्यावर उभें राहण्याची एक जागा होती, मग ती कडेची कां असेना. आजच्या मजुराला पुष्कळदां तीहि नाहीं. ही बाजू तराजूंत टाकलीच पाहिजे. परंतु वापरांतून सुटलेली वस्तु सुंदर दिसूं लागते, ही तिच्या स्वभावांतली एक फसवणूक आहे. गुळगुळीत झालेलें जूं पाहून आपण त्याच्या झिलईची स्तुति करतों; तें कोणाच्या मानेवर गुळगुळीत झालें हें जूं सांगत नाहीं. अधोली संग्रहांत ठेवतां येते. तळहात ठेवतां येत नाहीं. तो ज्यानें पाहिला असेल त्यानें सांगितला पाहिजे, आणि पाहणारीं माणसें आतां झपाट्यानें कमी होत आहेत.

कोणी म्हणेल, आजोबांच्या हाताचें पाप नातवानें आपल्या माथीं कां घ्यावें? पाप घ्यावें असें मीहि म्हणत नाहीं. तें ज्याचें त्याच्याबरोबर जातें. पण राशींत परत पडलेले ते दाणे आमच्याच कणगींत गेले, आणि त्याच कणगीवर माझें शिक्षण झालें. वारशांतली जमेची बाजू आनंदानें उचलावयाची आणि नांवेची बाजू 'तो काळच तसा होता' म्हणून मिटवावयाची, हा हिशेब कोणत्याहि पेढीवर चालणार नाहीं. निदान ती नोंद वाचून दाखविणें हें तरी माझ्याकडे येतेंच.

म्हणून घरीं परतल्यावर रात्रीं मीं नातवाला जवळ बसविलें आणि सकाळचें माझें उत्तर अपुरें होतें असें सांगून खळ्यावरची ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्यानें ती निमूटपणें ऐकली. बैलांचीं नांवें काय होतीं तें विचारलें. मीं सांगितलें, ढवळ्या आणि पाखऱ्या. मग त्यानें विचारलें, "आणि त्या माणसाचें नांव काय होतें?"

मीं पुष्कळ आठवून पाहिलें. आमच्या घरांत त्याला सारे जातीच्याच नांवानें हांक मारीत; दुसरें कांहीं मीं कधीं ऐकलेंच नव्हतें. गांवीं माझ्याहून वडील असे दोन-चार लोक अद्याप हयात आहेत. त्यांस मीं दुसऱ्या दिवशीं पत्र लिहिलें. उत्तराची वाट पाहत आहें.