दोन वाटांनी चालणारा धर्मगुरू



काही दिवसांपूर्वी बारावी सायन्सला असलेला आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा मिस्सा संपल्यावर थांबला. म्हणाला, "फादर, कॉलेजात सर सांगतात की विश्व महास्फोटातून निर्माण झाले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकलो की देवाने ते सहा दिवसांत निर्माण केले. खरे कोणते मानायचे?" आम्ही उत्तर देणार इतक्यात त्याच्या आईने त्याला अडवले, "अरे, देवळात असले प्रश्न विचारायचे नसतात!" मुलगा मान खाली घालून निघून गेला.

त्या माउलीचा हेतू वाईट नव्हता. परंतु मुलाचे ते गप्प होणे आमच्या मनाला लागून राहिले. प्रश्न विचारायला जागा मिळाली नाही की तरुण मुले भांडत नाहीत. ती आधी मागच्या बाकावर जातात, मग दाराशी उभी राहतात आणि एक दिवस देवळात दिसेनाशी होतात. म्हणून त्याच्या प्रश्नाचा आज आपण सर्वांनी मिळून विचार करू या.

ज्या महास्फोटाच्या सिद्धांतामुळे त्या मुलाची श्रद्धा अडखळली, तो सिद्धांत प्रथम मांडला एका कॅथलिक धर्मगुरूने! त्यांचे नाव जॉर्ज लमेत्र. १८९४ साली बेल्जियममधील शार्लरुआ शहरात त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच त्यांनी ठरवले होते की आपण धर्मगुरू व्हायचे आणि शास्त्रज्ञही व्हायचे. सत्याकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि आपण दोन्ही वाटांनी चालायचे, असे ते पुढे सांगत असत. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून ते सैन्यात गेले. परत आल्यावर त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली, सेमिनरीत प्रवेश घेतला आणि १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज आणि हार्वर्ड येथे खगोलशास्त्राचा अभ्यास करून ते लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२७ साली फादर लमेत्र यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विश्व स्थिर नाही, ते प्रसरण पावत आहे आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, असे त्यांनी गणिताने दाखवले. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आईनस्टाईन यांची व त्यांची भेट झाली. तुमचे गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारी कल्पना आपल्याला मुळीच पटत नाही, अशा अर्थाचे कठोर शब्द आईनस्टाईन यांनी त्यांना ऐकवले. फादर खचले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दोन वर्षांनी हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि चित्र बदलू लागले. १९३१ साली फादरांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. विश्व पसरत आहे, तर मागे मागे गेल्यास कधी काळी ते सारे एकवटलेले असणार. त्या अवस्थेला त्यांनी 'आदि-अणू' म्हटले. पुढे याच विचारातून महास्फोटाचा सिद्धांत उभा राहिला. आज शास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

बंधू-भगिनींनो, आमच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाचा भाग यापुढे आहे. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विज्ञान आता निर्मितीच्या पहिल्या क्षणाची साक्ष देऊ लागले आहे, असा त्या भाषणाचा सूर होता. एखाद्या धर्मगुरूला याचा केवढा आनंद व्हावा! आपला सिद्धांत साक्षात पोपमहाशयांनी उचलून धरला! परंतु फादर लमेत्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचा सिद्धांत हा देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वापरू नये, असे त्यांचे ठाम मत होते. आज मांडलेला सिद्धांत उद्या नव्या शोधाने बदलू शकतो. मग त्याच्यावर टेकवलेल्या श्रद्धेचे काय होणार? त्यांनी आपले म्हणणे योग्य मार्गाने, नम्रपणे रोममध्ये पोहोचवले. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. सांगणाऱ्याची प्रामाणिकता मोठी आणि ऐकणाऱ्याचे मनही मोठे!

१९६० साली फादर लमेत्र त्याच परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९६५ साली महास्फोटाची जणू ऊब असलेले मंद प्रारण अवकाशात सापडले. ही वार्ता त्यांना आजारपणात कळली आणि १९६६ च्या जूनमध्ये ते देवाघरी गेले.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? उत्पत्तीचा ग्रंथ हे भौतिकशास्त्राचे क्रमिक पुस्तक नाही. तो लिहिला गेला तेव्हा आजूबाजूचे लोक सूर्य-चंद्राला देव मानीत होते. पवित्र शास्त्राने धीटपणे सांगितले की ते देव नव्हेत, देवाने टांगलेले दिवे आहेत. हे सारे कोणी निर्माण केले आणि कशासाठी, हे तो ग्रंथ सांगतो. कसे घडले आणि किती काळ लागला, हे विज्ञान शोधते. सूर्य देव नसून निर्मिलेली वस्तू आहे, असे एकदा मानले की त्याला निर्भयपणे तपासता येते. म्हणजे आपली श्रद्धा विज्ञानाची वाट अडवीत नाही, उलट ती मोकळी करते.

ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोक नेहमीच लक्षात ठेवली, असे मात्र म्हणता येणार नाही. १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालवून त्याला शिक्षा केली गेली. ती चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मोकळेपणाने मान्य केली. वास्तविक संत अगस्तीन यांनी कितीतरी शतके आधी इशारा दिला होता. आकाश-पृथ्वीविषयी जाणकारांपुढे अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचे हसे करू नये, असे त्यांचे सांगणे होते.

आपल्याजवळचेही उदाहरण पाहा. स्पेनहून आलेले जेझुईट फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या डोंगरांत हिंडून तेथील वनस्पतींची त्यांनी नोंद केली. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिस्साच्या वेदीवर आणि रानातल्या झुडपापाशी त्यांना एकाच देवाचे दर्शन घडत असले पाहिजे.

विज्ञानाचा विषय फक्त कॉलेजातील मुलांचा नाही. आपल्यापैकी काही जण 'देवावर भरवसा आहे' असे म्हणून क्षयाच्या किंवा साखरेच्या गोळ्या मध्येच बंद करतात. बेनसिराचा ग्रंथ आपल्याला वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण वैद्यालाही देवानेच नेमले आहे आणि औषधे त्यानेच भूमीतून दिली आहेत. आजारात प्रार्थना करा आणि औषधही घ्या, असा त्या ग्रंथाचा उपदेश आहे. नोव्हेना जरूर करा, पण गोळी चुकवू नका. देवाच्या एका देणगीसाठी त्याची दुसरी देणगी नाकारणे ही श्रद्धा नव्हे.

त्याचबरोबर ज्ञानाला विवेकाची जोड हवी. सोनोग्राफीचे यंत्र पोटातल्या बाळाचा जीव वाचवते. मुलगी आहे म्हणून तिला नाकारण्यासाठीही तेच यंत्र वापरले गेले आहे. यंत्र पाप करीत नाही, पाप माणूस करतो. म्हणून विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना देऊळही हवे आणि देवळालाही ती मुले हवीत.

पुढच्या रविवारी त्या मुलाला आम्ही मुद्दाम बोलावून घेतले आणि फादर लमेत्र यांची हकिकत सांगितली. त्याची आईही शेजारी उभी राहून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "फादर, हे मला आधी ठाऊक असते तर मी त्याला गप्प केले नसते."

आईवडिलांनो, मुलांच्या प्रश्नांना घाबरू नका. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, आपण विचारू या' असे म्हणा. मुलांनो, अभ्यासाला बसताना क्रुसाची खूण करा आणि मग मन लावून अभ्यास करा. तोही प्रभूच्या घराकडे जाणारा रस्ता आहे. या आठवड्यात एका रात्री टीव्ही बंद करून सहकुटुंब अंगणात किंवा गच्चीवर जा, आकाशाकडे पाहा आणि आठवे स्तोत्र वाचा.

हे प्रभो, सत्य शोधणाऱ्यांना तू नम्रता दे आणि श्रद्धा ठेवणाऱ्यांना सत्याचे भय वाटू देऊ नकोस. आमेन.