मंदिर बांधण्यापूर्वी

धर्मग्राम वाढू लागला की जुने मंदिर अपुरे पडते. नाताळच्या मध्यरात्री निम्मा समुदाय अंगणात उभा राहतो, धर्मशिक्षणाचे वर्ग व्हरांड्यात भरतात आणि मग नव्या मंदिर-संकुलाची भाषा सुरू होते. आराखडे येतात, देणग्यांचे आकडे मांडले जातात. एक प्रश्न मात्र बहुधा मागेच राहतो: गरिबांच्या वस्तीत देवाच्या घरावर किती खर्च करणे उचित आहे?

शुभवर्तमान या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाही. बेथानीत मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदा इस्कर्योताने विचारले. प्रभूने मरियेची बाजू घेतली. गरिबांचे नाव पुढे करूनही भक्तीचा हात आखडता घेता येतो, हे आपण त्या प्रसंगातून शिकतो. उलट, चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी भाविकांना बजावले की वेदीवर सोन्याचे चषक असताना ख्रिस्त दाराशी उपाशी राहता कामा नये. दोन्ही शिकवणी आपल्याच आहेत. एक स्वीकारून दुसरी टाकता येत नाही.

जालना जिल्ह्यात दाराशी उभा असलेला ख्रिस्त बहुधा तहानलेला असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. अशा भूमीत उंच मनोऱ्याचा आराखडा पाहताना मन कचरले, तर त्याला अश्रद्धा म्हणता येणार नाही.

याच जिल्ह्यात एक जुने उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. पंथ आपल्याहून वेगळा. परंतु प्रार्थनामंदिर, शाळा आणि विहिरी यांचा विचार त्यांनी एकत्रच केला, हे आपणही ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याला महत्त्व दिले आणि भाविकांचा सक्रिय सहभाग हा मंदिररचनेचा निकष मानला. सौंदर्याला नेहमीच पैसा लागतो असेही नाही. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरम येथील लोयोला चॅपेलमध्ये विटांच्या भिंतींत जाळ्या ठेवून वारा आणि उजेड आत घेतला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा धडा उपयोगाचा आहे. नाताळची गर्दी वर्षातून एकदाच होते; तिच्यासाठी अवाढव्य सभागृह बांधण्यापेक्षा मध्यम आकाराचे मंदिर सावलीच्या अंगणाकडे उघडावे. वाचलेल्या पैशांतून, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात अशा मुलांसाठी राहण्याच्या खोल्या होतील.

मंदिराचे छप्परही सेवा करू शकते. चारशे चौरस मीटर छपरावर वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,६०,००० लिटर पाणी मिळते. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता दोन लाख लिटर टाक्यात साठू शकते. जिल्ह्याची तहान त्याने भागणार नाही. एका वस्तीचा कठीण महिना मात्र निभावेल.

येथे एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो, आणि आमच्या मते संपूर्ण आराखड्याची परीक्षा त्यातच आहे: टाक्याचा नळ कुंपणाच्या आत असावा की बाहेर? आत ठेवला तर पाणी आपल्याच माणसांना पुरेल, अपव्यय होणार नाही, भांडणे टळतील. ही कारणे खोटी नाहीत. परंतु पाणवठ्यावरून माणसांना दूर ठेवल्याचा इतिहास आपल्या समाजातील अनेक घरांनी आजोबांच्या तोंडून ऐकला आहे. ज्यांना कधी काळी विहिरीपासून दूर उभे राहावे लागले, त्यांच्या नातवंडांनी पाण्याभोवती भिंत घालावी काय?

वेदी सुंदर असावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मरियेचे तेल वाया गेले नाही. मात्र नळ बाहेर ठेवण्याचे धैर्य ज्या धर्मग्रामात असेल, त्यानेच वेदीसाठी संगमरवर निःशंक मनाने मागवावा. नकाशावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरी बसून एवढा विचार करावा.