कमरपट्ट्यावरचा हिशेब

पर्युषणाच्या अखेरच्या संध्याकाळी सुरतेच्या गोपीपुऱ्यात जैन गृहस्थ संवत्सरी प्रतिक्रमणाला बसतात, तेव्हा वर्षभरात घडलेल्या दोषांची व्रतवार उजळणी होते. श्रावकाची व्रते बारा. त्यांतले आठवे, अनर्थदंड-विरमण, विनाकारण हिंसा घडू न देण्याचे. या व्रताच्या दोषांत दोन दोष अगदी शेजारी-शेजारी येतात. पहिला, हिंसेची साधने एकमेकांना जोडून वापरायला सज्ज ठेवणे. दुसरा, गरजेपेक्षा जास्त उपभोगाची सामग्री बाळगणे.

उखळ-मुसळ आणि धनुष्य-बाणाच्या काळातले हे नियम प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीच्या मैदानावर नेऊन पाहावेत. हा खेळ १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया, मिझुरी इथे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रूपात बांधला गेला. खेळाडू धावत, आडोसे ओलांडत कागदी आणि पोलादी लक्ष्ये टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. पंचाने आज्ञा देईपर्यंत पिस्तूल रिकामे आणि मॅगझिन त्याच्यापासून वेगळे, हा इथला पहिला नियम. तो मोडला तर खेळाडू स्पर्धेबाहेर जातो. म्हणजे पहिला दोष नियमानेच मिटवला. दुसरा मात्र खेळाडूच्या पदरात टाकला आहे: कमरपट्ट्यावर जादा मॅगझिन किती लावायची?

वरवर हे साधे गणित आहे. मोठ्या स्टेजला, म्हणजे स्पर्धेतल्या एका लांब फेरीला, जास्तीत जास्त ३२ गोळ्यांची आवश्यकता असते, आणि प्रॉडक्शन गटात एका मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त भरता येत नाहीत. तीन मॅगझिनमध्ये ४५ होतात, काम भागायला हवे. पण जाणता खेळाडू मॅगझिन संपेपर्यंत थांबत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी पळताना, म्हणजे वेळ तसाही जाणारच असतो तेव्हा, तो अर्धे भरलेले मॅगझिन खाली टाकून नवे लावतो. त्या टाकलेल्या गोळ्या हिशेबातून गेल्या. पोलादी लक्ष्य पडले नाही तर पुन्हा झाडावे लागते, कागदावरचा नेम पूर्ण चुकला तर दहा गुण कापले जातात. एखादे मॅगझिन अडकते, एखादे हातातून निसटते. म्हणून पट्ट्यावर चार किंवा पाच दिसतात, आणि त्यात वावगे काही नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतला हा प्रश्न कधी पडला नसणार. २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. आशियाई क्रीडा स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या प्रकारात मालिका पाच गोळ्यांची, मॅगझिनमध्येही पाचच. मर्यादा बाहेरून आली की मन मोकळे राहते. ती स्वतःच ठरवायची वेळ आली की मनाची खरी परीक्षा सुरू होते.

जैन विचार इथे फार सूक्ष्म आहे. साधूसाठी अपरिग्रह संपूर्ण, पण गृहस्थाला तो परिग्रह-परिमाणाचे व्रत देतो: जमीन, सोने, धान्य, भांडीकुंडी, किती ठेवणार ते आधी स्वतः ठरव आणि ती रेघ ओलांडू नकोस. आकडा प्रत्येकाचा वेगळा. हिरेबाजारातल्या व्यापाऱ्याचा आणि शिक्षकाचा एक असण्याचे कारण नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ओळखायची खूणही वस्तूंच्या संख्येत ठेवली नाही, मूर्च्छेत म्हणजे आसक्तीत ठेवली. एक वस्तू बाळगणारा बांधलेला असू शकतो आणि दहा बाळगणारा सुटा.

सरकारचीही एक रेघ आहे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. ती मर्यादा आवश्यकच आहे, पण व्रताचे काम ती करू शकत नाही. कायदा हातातल्या वस्तू मोजतो. त्या वस्तूंमागची धास्ती मोजायला माणूस स्वतःच लागतो.

ही रेघ शून्यावर ओढणारेही असतात. याच सुरतेच्या स्थानकावर २५ मार्च १९१६ रोजी वीस वर्षांचे विनायक नरहर भावे गाडीतून उतरले. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनोबा मुंबईला गेलेच नाहीत. काशीची वाट धरली. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच आईच्या देखत चुलीत घातली होती. पुढे त्याच वर्षी ते गांधीजींच्या कोचरब आश्रमात पोहोचले आणि असंग्रह हे तिथले एक व्रत त्यांनी जन्मभर वागवले. प्रमाणपत्र म्हणजे भविष्यासाठी राखून ठेवलेला आधारच. तो आधार जाळणे हा एक थोर मार्ग आहे, पण तो संन्याशाचा. नेमबाज गृहस्थ आहे. त्याने पट्टा रिकामा ठेवला तर ते वैराग्य ठरत नाही. तयारी कमी पडली एवढेच ठरते.

अहिंसेच्या परंपरेने बंदुकीच्या खेळाला आधार द्यावा, असा आग्रह इथे नाही. बहुतेक आचार्य या खेळाला संमती देणार नाहीत, आणि त्यांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो; पिस्तुलाचा जन्म कागदासाठी झाला नाही. पण ज्याने ते हातात घेतले आहे त्याला पुरेसे किती, हे ठरवावेच लागते, आणि त्या विचारासाठी आठव्या व्रताइतकी नेमकी जागा सहसा सापडत नाही.

ठरवायची वेळही ठरलेली असते. स्टेज सुरू होण्याआधी खेळाडू ती पायी फिरून पाहतात, कुठे उभे राहायचे, कुठे मॅगझिन बदलायचे, हे मनात मांडतात. तिथे ३२ गोळ्यांसाठी पिस्तुलात एक आणि पट्ट्यावर चार हा आकडा विचाराने आलेला असेल, तर तो निर्दोष आहे. चौथे जोडताना कोणती चूक भरून काढायची, हे त्याला सांगता येते. १२ गोळ्यांच्या छोट्या स्टेजलाही तेवढीच चार लावणारा म्हणतो, हाताला जागेची सवय राहते. हे कारणही खरे आहे, कारण घाईत हात डोळ्यांशिवायच मॅगझिन शोधतो. पण त्याच छोट्या स्टेजवर एखादा पाचवे लावतो आणि कशासाठी विचारले तर त्याच्याकडे एवढेच उत्तर असते की असलेले बरे. गोळ्या मुबलक आहेत या भरवशावर त्याचा पहिला नेम सैल पडतो, दुसरी झाडावी लागते, आणि भागाकारात सेकंद वाढत जातात.