पपईचा पहारा आणि 'कचरा' डीएनए

एन्कोड या संशोधन प्रकल्पाने 2012 मध्ये माणसाच्या डीएनएपैकी 80 टक्के भागाला जैवरासायनिक कार्य असल्याचा दावा केला, आणि 'प्रथिनाचा हुकूम नसलेल्या डीएनएला कचरा म्हणणारे हरले' हे वाक्य व्याख्यानांतून, लेखांतून फिरू लागले. आता ते पिकांनाही सर्रास लावतात: ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, तोच म्हणे रोपाचा गुप्त सूत्रधार. मला हे पटत नाही. भाताच्या जनुकसंचात सुमारे 40 कोटी अक्षरे आहेत, कांद्याच्या सुमारे 1600 कोटी. प्रत्येक अक्षर कामाचे असेल, तर वाडा कोलम भाताच्या चाळीसपट हुकूम कांद्याला लागतात असे म्हणावे लागेल. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते एवढ्यावरून त्या प्रतीला काही काम आहे, असे ठरत नाही.

 मुळात आरएनएच्या या संशोधनाचा इतिहासच चुकीचा वाचला जातो. 1990 मध्ये पेटुनियात जांभळ्या रंगाचे जनुक जादा घातले आणि फुले पांढरी झाली. मग 1998 मध्ये फायर आणि मेलो यांनी कृमीत त्याचा उलगडा केला, असे सांगतात. या कथेतून वनस्पतींच्या विषाणूंचे अभ्यासक गळतात, आणि त्यांच्यासोबत मुद्दाच गळतो. विंगार्ड यांनी 1928 मध्येच नोंदवले होते की वलयरोगाने खालची पाने बिघडलेल्या तंबाखूला वर निरोगी पाने फुटतात, आणि त्या पानांवर तोच विषाणू पुन्हा सोडला तरी रोग होत नाही. 1997 मध्ये बॉल्कोम यांच्या गटाने दाखवले की हे बरे होणे आणि पेटुनियासारखे घातलेल्या जनुकाचे मुके होणे यांची जात एकच आहे. 1999 मध्ये हॅमिल्टन आणि बॉल्कोम यांना सुमारे 25 अक्षरांचे आरएनए सापडले, तेही विषाणू लागलेल्या आणि घातलेले जनुक मुके झालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रोपांत. म्हणजे वनस्पतीत हा लघु-आरएनए प्रथम ओळखू आला तो पहारेकरी म्हणून. शत्रूच्या अक्षरांशी आपली अक्षरे जुळवायची आणि जुळलेला आरएनए कापायला लावायचा, हे त्याचे काम. ते खरे आहे याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा विषाणूनेच दिला. 1998 मध्ये उघड झाले की पोटीव्हायरस कुळातील विषाणू हा पहारा मोडणारे एक प्रथिन जवळ बाळगतात. ज्याचा त्रासच नाही, त्याच्याविरुद्ध कोणी हत्यार वागवत नाही.

यावर आक्षेप येईल की लघु-आरएनए वाढही ठरवतो, आणि लांब आरएनएसुद्धा. बरोबर आहे. 2010 मध्ये भातात दिसले की एका जनुकावरची मायक्रोआरएनए 156 या लघु-आरएनएची पकड सुटली की फुटवे कमी येतात, पण लोंबीत दाणे वाढतात. 2012 मध्ये चिनी भाताच्या एका लांब आरएनएत एकाच अक्षराचा फरक आढळला. त्या फरकाने मोठ्या दिवसांत परागकण वांझ होतात. पण ही दोन्ही कामे एकेका अक्षराच्या फरकाचा परिणाम मोजून सिद्ध झाली आहेत. माझा आग्रह एवढ्याच कसोटीचा आहे. 80 टक्क्यांच्या घोषणेने ती पार होत नाही.

ही कसोटी आपल्या दारात, पालघरमध्येही लागू होते. मावा पसरवतो तो पपईचा रिंगस्पॉट विषाणू त्याच पोटीव्हायरस कुळातला. कपूर आणि वर्मा यांनी 1948 मध्ये मुंबई प्रांतातून पपईच्या विषाणूरोगाची नोंद केली. आजचा पालघर जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. हवाईने 1998 मध्ये लागवडीस दिलेली 'रेनबो' पपई रिंगस्पॉट रोगाला दाद देत नाही, कारण तिच्यात घातलेल्या विषाणूच्या जनुकामुळे रोपाचा पहारा आधीच जागा असतो. पण पहारा अक्षरांचा आहे, म्हणून दूरदेशीच्या, अक्षरे वेगळी असलेल्या विषाणूपुढे तीच पपई आजारी पडते. हवाईचे उत्तर पालघरला जसेच्या तसे चालेल, असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा आरएनएच्या नावाने काही विकायला आले, तर पालघर, डहाणू, बोईसर-तारापूरच्या बागायतदारांनी आधी विचारावे: यातली अक्षरे कोणत्या बागेतल्या विषाणूशी जुळवून पाहिली आहेत?