पडलेल्या नेत्याचे ऋण

एखाद्याच्या हातून मोठे सत्कृत्य घडावे आणि त्याच हातांनी पुढे काहींचे नुकसान व्हावे, अशा वेळी समाजाने त्याच्याशी कसे वागावे? सत्कृत्य पाहून नुकसानीकडे डोळेझाक करावी, की नुकसान पाहून सत्कृत्यच पुसून टाकावे? युवकांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा सामोरा येतो. हेन्री ड्यूनां यांचे चरित्र वाचताना तो मला पुन्हा पडला.

ड्यूनां यांचा जन्म ८ मे १८२८ रोजी जिनिव्हात झाला. घराणे काल्विनपंथी, सधन व दानशूर. शिक्षण अर्धवट सुटल्यावर ते एका पेढीवर उमेदवारी करू लागले. परंतु अठराव्या वर्षापासूनच गावातल्या दानधर्म मंडळात जाऊन गरिबांची व आजाऱ्यांची विचारपूस करणे, कैद्यांना भेटणे हा त्यांचा परिपाठ होता. समवयस्क मित्रांना जमवून त्यांनी बायबलवाचन सुरू केले. त्यातूनच १८५२ साली जिनिव्हात वाय.एम.सी.ए.ची शाखा उभी राहिली, आणि १८५५ साली पॅरिसला या युवक संघटनेचे जागतिक ऐक्य घडविण्यात या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा मोठा वाटा होता.

१८५९ च्या जूनमध्ये ते उत्तर इटलीत गेले ते मात्र सेवेसाठी नव्हे. अल्जीरियातील आपल्या गिरणीच्या धंद्याचे गाऱ्हाणे त्यांना सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानी घालायचे होते. २४ जूनला सोल्फेरिनोची लढाई झाली. मृत व जखमी मिळून सुमारे चाळीस हजार सैनिक एका दिवसात पडले. जवळच्या कास्तिल्योने गावातील मुख्य चर्च जखमींनी भरून गेले. गावच्या स्त्रिया शत्रू-मित्र न पाहता सर्वांना पाणी पाजीत होत्या, जखमा बांधीत होत्या. हा प्रॉटेस्टंट व्यापारी त्या कॅथलिक स्त्रियांबरोबर कामाला लागला. दयाळू शोमरोनीही आपल्याच कामासाठी निघाला होता, हे येथे आठवते. प्रसंग अचानक आला. परंतु वाकून पाहण्याची सवय मात्र त्या अठराव्या वर्षापासूनची होती.

१८६२ साली ड्यूनां यांनी सोल्फेरिनोच्या आठवणी स्वखर्चाने छापल्या. १८६३ साली पाच जणांची समिती झाली, तीच पुढे रेडक्रॉस. २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला.

आणि मग १८६७ साली त्यांचे दिवाळे निघाले. अनेकांचे, त्यांच्या स्वतःच्या आप्तेष्टांचेही, पैसे बुडाले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. रेडक्रॉसच्या समितीतून ते गेले, वाय.एम.सी.ए.नेही त्यांना दूर केले. जिनिव्हा सोडून ते गेले ते कायमचेच. कित्येक वर्षे दारिद्र्यात काढून अखेर हायडेन या डोंगराळ गावी ते स्थिरावले. १८९५ साली एका पत्रकाराने त्यांना शोधून काढले, तेव्हा कुठे जगाला त्यांची आठवण झाली.

जिनिव्हातील सज्जनांचे चुकले काय? पदावरून दूर करण्यात चुकले असे मला वाटत नाही. ज्यांची पुंजी बुडाली त्यांचे अश्रू खरे होते. सेवेचे पुण्य कर्जाच्या वहीत जमा करता येत नाही. परंतु पद काढून घेणे वेगळे आणि नाव पुसणे वेगळे. पहिल्यात न्याय आहे, दुसऱ्यात असत्य आहे. घडलेले चांगले घडलेच नाही, असे म्हणण्याचा अधिकार फसवल्या गेलेल्यालाही नाही; मग इतरांना कोठून असणार?

येथे मला माझी कबुली द्यावयास हवी. जुलै २०१८ च्या पावसात वसई पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने पंचवीस-तीस मुले गोळा केली. कमरेएवढ्या पाण्यातून घरोघरी जेवण पोहोचविले, म्हाताऱ्यांना खांद्यावर आणले. पुढे मदतनिधीचा हिशोब लागेना. त्यातील काही रक्कम त्याने घरच्या अडचणीत वापरली होती. मी त्याला युवक मंडळाच्या प्रमुखपदावरून दूर केले. ते आजही मला योग्य वाटते. वर्षभरात त्याने सारी रक्कम हप्त्याहप्त्याने आणून दिली. त्यानंतर आमच्या स्मरणिकेत पूरकार्यावर एक पान लिहायचे होते. ते मीच लिहिले. त्यात सर्वांची नावे आली, त्याचे आले नाही. कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्याला नेता करताना हिशोब कसा ठेवावा हे मी त्याला शिकविले नव्हते, हेही त्या पानावर नाही.

पेत्राने तीनदा नाकारल्याचे चारही शुभवर्तमानांनी लपविले नाही. तरी प्रभूने मेंढरे त्याच्याच हाती सोपविली. पुसून टाकलेली चूक आणि पुसून टाकलेले सत्कृत्य, दोहोंवर ख्रिस्तसभा उभी राहत नाही.

१९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ड्यूनां यांना, फ्रेदेरिक पासी यांच्यासह, मिळाले. ते पैसे त्यांनी स्वतःवर खर्च केले नाहीत. ३० ऑक्टोबर १९१० रोजी ते वारले. देणे पुरते फिटले नाही, ही टोचणी त्यांना अखेरपर्यंत होती. मृत्युपत्रात त्यांनी हायडेनच्या रुग्णालयात गरिबासाठी एक खाट कायम मोफत राहावी, अशी तरतूद केली.

आमच्या स्मरणिकेचे ते पान आता बदलता येणार नाही. त्या तरुणाचे घर मात्र चर्चपासून दहा मिनिटांवर आहे.