काल दिलेला धीर

घरातील एखाद्या मनुष्यास छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो विकार जडला की, घरच्यांची एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी: "काल रात्री अर्धा प्रहर बसून समजूत घातली. शेजारी विहिरीत विष घालीत नाही, हे त्यानेही कबूल केले. आणि सकाळी पुन्हा तेच!" ह्या तक्रारीत दुःख आहे, तसा आरोपही आहे. तो हट्टी आहे असे एक म्हणतो. त्याचा आमच्यावर भरवसा नाही असे दुसरा. आणि कित्येक तर त्यास विश्वासाची उणीव ठरवून मोकळे होतात. हा आरोप न्याय्य आहे काय?

गवतात सळसळ होताच आपले पाऊल मागे येते, ते विचार करून नव्हे. कानशिलाच्या आत खोल, बदामाच्या आकाराचा मेंदूचा एक भाग आहे. त्यास अमिग्डला म्हणतात. धोक्याची वर्दी देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. सळसळ पाचोळ्याची होती असे कळल्यावर कपाळामागील भाग त्यास आवरतो. परंतु ह्याने जुने भय पुसले जात नाही. त्याच्या शेजारी 'येथे धोका नाही' असा दुसरा धडा लिहिला जातो, आणि तो वेळेवर आठवावा लागतो.

हा दुसरा धडा ह्या रोग्यांत कसा टिकतो, हे अमेरिकेत डॅफ्नी होल्ट ह्या डॉक्टरीणबाई व त्यांचे सोबती ह्यांनी तपासले, व तो शोध २००९ साली प्रसिद्ध केला. एक चित्र दाखवून विजेचा हलका झटका द्यावयाचा. पुढे तेच चित्र झटक्यावाचून पुनःपुन्हा दाखवावयाचे. भय ओसरले की नाही, हे हाताच्या घामावरून कळे. त्या दिवशी रोग्यांचे भय निरोग्यांप्रमाणेच ओसरले. दुसऱ्या दिवशी मात्र निरोग्यांस कालची निर्भयता आठवली. रोग्यांस ती तितकी आठवली नाही.

एका प्रयोगावरून सर्वच रोग्यांविषयी निकाल देणे उतावीळपणाचे होईल. तथापि रात्री कबूल करणारा मनुष्य खोटे बोलला नव्हता, आणि सकाळी भिणारा हट्ट करीत नाही, असे मानण्यास आम्हांस ह्यात पुरेसा आधार दिसतो. दुसऱ्या कित्येक शोधांत असेही दिसले की, भावशून्य कोरा चेहरा पाहूनही अशा रोग्यांचा अमिग्डला चेततो. तेव्हा वैतागून गप्प बसलेला भाऊही त्यास भयंकर वाटत असेल!

मग 'होय, शेजारी वैरीच आहे' असे म्हणून त्यास गप्प करावे काय? आमच्या मते, नाही. "तुला भय वाटते हे आम्हांस दिसते, विष मात्र कोठे दिसत नाही," इतके खरे तेवढेच बोलावे, आणि सकाळी कालची आठवण न देता तेच पुन्हा बोलावे. साखळदंडाचे नावही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो मना आहे. पॅरिस येथे १९५२ साली क्लोरप्रोमाझीन ह्या औषधाचा उपयोग सुरू झाला, तेव्हापासून ह्या विकारावर अनेक औषधे निघाली आहेत व त्यांनी पुष्कळांचे भ्रम ओसरतात. चार दिवस बरे गेले म्हणून, डॉक्टरास विचारल्यावाचून ती बंद करू नयेत.