काळ्या मातीचें ऋण

गेल्या उन्हाळ्यांत वाशीम जिल्ह्यांतील रिठद या गांवीं कांहीं दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथें एका मळ्यांत विहीर खोल करण्याचें काम चाललें होतें. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग काळा फत्तर, त्याच्याखालीं वीतभर जाडीचा विटेच्या रंगाचा एक पट्टा आणि पुन्हां काळा फत्तर, असा पृथ्वीचा कापलेला उभा छेद आमच्या समोर होता. काठावर बसलेल्या आठनऊ वर्षांच्या एका मुलानें आम्हांस विचारलें, "आजोबा, या दगडांत डायनासोरचीं हाडं सांपडतील का हो?" आम्हीं सांगितलें कीं, हा दगड म्हणजे एके काळचा तापलेला रस, हाडें असलींच तर ती याच्याखालच्या थरांत असावयाचीं. त्यानें थोडा वेळ विहिरींत निरखून पाहिलें आणि म्हटलें, "म्हणजे तीं सगळीं मेलीं, म्हणून आपल्याला शेत मिळालं?"

त्या वेळीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नव्हता, हें घरीं परततांना ध्यानांत आलें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या या दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून शिलारसाचे लोटच्या लोट बाहेर आले. एकावर एक असे थर सांचत गेले. आजही ते सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याचीं लेणीं आणि वऱ्हाडांतील विहिरी हीं सारीं त्याच दगडांत कोरलेलीं आहेत. हा दगड झिजून जी माती झाली, तीच आमची कपाशीची काळी जमीन. या थरांच्या पूर्वेकडील कडेस, चंद्रपूर जिल्ह्यांत वरोड्याच्या बाजूला पिसदुरा म्हणून एक लहानसें खेडें आहे. तेथें फत्तराखालचा जुना गाळ उघडा पडला आहे. जबलपूरजवळील नर्मदेच्या लामेटा घाटावरून त्या गाळाच्या थरांस लामेटा हें नांव मिळालें. नागपुरास राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळें पिसदुऱ्याचीं हाडें गेल्या शतकाच्याही मागल्या शतकांत विद्वानांच्या दृष्टीस पडलीं. पुढें जवळच्याच डोंगरगांव येथें एका प्रचंड शाकाहारी सरड्याचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि २००३ पासून तो 'आयसीसॉरस' म्हणून ओळखला जातो. कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. आंकड्यांच्या संस्थेनें हाडें उकरावीं हा योगही मोठा गमतीचाच!

पण पिसदुऱ्याची खरी संपत्ति हाडें नव्हे, शेण आहे. त्या प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे तेथील शेतांत विखुरलेले आढळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेंतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा गोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी केली, तेव्हां त्यांत गवताच्या पेशींतील सिकतेचे कण मिळाले. हा शोध २००५ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर सामान्य समजूत अशी होती कीं, या महाकाय प्राण्यांच्या काळीं गवत असें नव्हतेंच. पुढें २०११ सालीं तांदुळाच्या कुळांतील गवताचीही खूण त्याच गोळ्यांत निघाली. ज्या घरांतून अंगण शेणानें सारवण्याची चाल आहे, त्या घरच्या लोकांना तरी या ज्ञानसाधनाचा किळस येऊं नये.

आतां त्या मुलाचा प्रश्न घेऊं. शिलारसानेंच ते प्राणी नाहींसे झाले काय, याविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक मोठा अशनि येऊन आदळला, त्याच्याकडे बहुतेकांचें बोट जातें. तथापि पिसदुऱ्याच्या तळ्याकांठचीं गवतें, कांसवें, साप आणि ते अजस्र प्राणी यांची ती भूमि पुढें या रसाखालीं गेली, आणि त्या रसाची झालेली माती आम्ही खातों, यांत संशय नाहीं. मग तो अनर्थ आमच्या दृष्टीनें इष्टच झाला, असें म्हणावयाचें काय?

'जें होतें तें बऱ्यासाठीं' असें म्हणणारी एक मोठी परंपरा आहे, आणि आम्हीही तिचे आश्रित होतों. पांच-सहा वर्षांपूर्वीं एका परिचित शेतकऱ्याचा कर्ता मुलगा गेला. आम्ही भेटीस गेलों असतां मंडळींत कोणी तरी हेंच वाक्य उच्चारलें, आणि आम्हीं मान हलविली. मुलाची आई तेथून न बोलतां उठून आंत गेली. त्या मान हलविण्याची आम्हांस आजही लाज वाटते. पुढें धाकट्या मुलानें शेत हातीं घेतलें व घर सांवरलें, हें खरें. पण धाकट्याचा उत्कर्ष हा थोरल्याच्या मृत्यूचा मोबदला, असें त्या आईला सांगण्याची छाती कोणास होईल? एकाच्या खात्यावरचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर जमा दाखवून हिशेब जुळविणारा कारकून आपण कचेरींत ठेवणार नाहीं. विश्वाच्या बाबतींत मात्र तोच हिशेब आपण तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारतों.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, तुमची उपमा चुकते. त्या सरड्यांना मारणारा कोणी नव्हता. म्हणून अन्यायही नव्हता, आणि जेथें अन्याय नाहीं तेथें दुःख करणें ही निव्वळ भावविवशता होय. या आक्षेपांत तथ्य आहे. अन्यायाला कर्ता लागतो, हें आम्हांस मान्य आहे. पण हानीला तो लागत नाहीं. पुरांत वाहून गेलेल्या मनुष्याबद्दल नदीवर फिर्याद करतां येत नाहीं, म्हणून त्याच्या घरचें रडणें खोटें ठरत नाहीं. तसेंच आभाराचें. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशीं तीन ऋणें आपल्याकडे सांगितलीं आहेत, आणि तिहींच्या मागें देणारा कोणी तरी आहे. काळी माती कोणीं दिली? कोणींच नाहीं. ती आम्हांस मिळाली. तेव्हां या निबंधाच्या मथळ्यांतील 'ऋण' हा शब्द काटेकोरपणें पाहतां चुकीचाच आहे. दुसरा सुचला नाहीं म्हणून ठेवला आहे.

आमचा आक्षेप कृतज्ञतेवर नाहीं. ज्या ऐटीनें आपण त्या जुन्या सृष्टीला आपल्या ग्रंथाची प्रस्तावना समजतों, त्या ऐटीवर आहे. डायनासोरांचें राज्य या पृथ्वीवर सोळा कोटी वर्षांहून अधिक काळ चाललें. मनुष्यजातीचें आजवरचें आयुष्य सुमारें तीन लक्ष वर्षें! इतकी लांब प्रस्तावना आणि एवढासा ग्रंथ, असा ग्रंथकार आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

ही ऐट निरुपद्रवी असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण हल्लीं एक युक्तिवाद सुशिक्षितांच्या बैठकींतून ऐकूं येऊं लागला आहे: जाती नष्ट होणें हा निसर्गक्रमच आहे, पूर्वीं पांचदां महासंहार झाला व त्यांतून बरेंच निघालें, मग आज एखादा पक्षी गेला तर एवढा गहजब कशाला? ज्या वरोड्याच्या बाजूस तीं जुनीं हाडें मिळतात, तेथल्याच माळांवर माळढोक पक्षी असे. आतां तो महाराष्ट्रांत जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याचे माळ कोणीं नांगरले, त्याच्या वाटेंत विजेच्या तारा कोणीं ओढल्या, हें शोधण्यास भूगर्भशास्त्र लागत नाहीं. येथें कर्ता आहे, आणि तो आपणच आहों. मघाशीं प्रतिपक्ष्यानें ज्या आधारावर आम्हांस गप्प केलें, तोच आधार येथें त्याच्या हातून सुटतो; 'कोणीं केलें नाहीं, म्हणून अन्याय नाहीं' हें वाक्य माळढोकाच्या बाबतींत त्याला उच्चारतां येणार नाहीं.

राहतां राहिली विहीर. तो तांबडा पट्टा म्हणजे रसाच्या दोन लोटांमधील विसाव्याचा काळ. वरचा दगड निवून झिजला, त्याची माती झाली, आणि मग पुढचा लोट येऊन तिच्यावर पसरला. नागपूरजवळ अशाच दोन थरांच्या मध्यें गोड्या पाण्यांतील गोगलगायींचे शंख मिळतात; मुंबईस वरळीच्या टेकडींतील थरांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे निघाले, त्यांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालींच केलें. म्हणजे आग विझली कीं तळें भरे, तळ्यांत बेडूक येत, आणि पुन्हां आग येई. पुढें आपल्या डोक्यावर कपाशी पिकणार आहे, याची त्या बेडकांना वार्ता नव्हती. तें तळें त्यांचें होतें, एवढेंच.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही मळ्यांत गेलों, तेव्हां त्या तांबड्या पट्ट्याच्या कडेनें पाणी पाझरूं लागलें होतें. मुलगा खालीं उतरूं पाहत होता आणि त्याचा आजा त्याला रागें भरत होता. आम्हीं त्याला हांक मारून जवळ बसविलें आणि सांगितलें कीं, "बाळ, तूं विचारलेंस तें बरोबर होतें. शेत त्या रसामुळें मिळालें. पण तीं जनावरें त्यासाठीं मेलीं नाहींत." त्यानें विचारलें, "मग कशासाठीं मेलीं?" आम्ही म्हटलें, "कशासाठींच नाहीं." त्याला हें उत्तर मुळींच पटलें नाहीं, असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें; तो उठला आणि पाणी किती चढलें तें पाहावयास काठाकडे गेला.